प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मनगट कुठंय?



मागच्या आठवड्यात कळंब तालुक्यातला एक मुलगा भेटायला आला होता. तहसीलसमोर गाळा बघितलाय, ऑनलाइन सेवा केंद्र टाकायचंय, बँकेत द्यायला प्रोजेक्ट रिपोर्ट केलाय, तो एकदा नजरेखालून घाला म्हणाला. रिपोर्ट खरंच चांगला होता. दोन कॉम्प्युटर, कलर प्रिंटर, झेरॉक्स, लॅमिनेशन मशीन, इन्व्हर्टर, अंगठ्याचं मशीन, बाहेर लाइटचा बोर्ड. बोर्डाचेच अठरा हजार धरले होते! सगळं वाचून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला, "टेबल किती उंचीचं करणार?"

तो हसला. "सर, टेबल म्हणजे टेबल. सुतार करतो तेवढं."

मी हसलो नाही. हाच प्रश्न मला एका डॉक्टरांनी सोलापुरात विचारला होता, आणि तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हतं. फरक एवढाच, की तोवर माझं दुकान तीन आठवडे बंद होतं.

चॅनेलवर मी धंद्याचं सगळं सांगतो, पण हे कधी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटायची. ट्रक चालवून कंबर गेली म्हटलं की लोक हळहळतात. बसून टाइप करून हात गेला म्हटलं की गालातल्या गालात हसतात. "बसूनच तर असतो की दिवसभर!"

तर ऐका. या क्षेत्रात शिकवायला लागायच्या आधी माझं स्वतःचं डीटीपी आणि ऑनलाइन कामांचं दुकान होतं. २०१८ चा जुलै. पीक विम्याचे अर्ज चालू. ज्यांना आपल्या जिल्ह्याचा जुलै माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. सोयाबीन पेरून झालेलं असतं, शाळा-कॉलेजचे प्रवेश चालू असतात, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, त्यात विमा. दिवसा सर्व्हर बसलेला, रात्री अकरानंतर जरा पळायला लागतो. मग काय, शटर अर्धं खाली ओढून रात्री दोन-दोनपर्यंत अर्ज. पोरांनो, मला त्याचा अभिमान वाटायचा. चौदा-पंधरा तास बसतो म्हणून गावात सांगायचो.

पहिल्यांदा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग रात्री हात बधिर होऊन जाग यायची, उठून झटकला की बरं वाटायचं. मी म्हटलं, हातावर झोपलो असेन. मग मनगटाच्या आतल्या बाजूनं कळ. मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून नस बसवणाऱ्याकडे गेलो, त्यानं मनगट असं काही ओढलं की डोळ्यांपुढं तारे चमकले. वरून घट्ट पट्टी बांधली आणि त्याच पट्टीवर टाइप करत बसलो. ऑगस्टमध्ये एके सकाळी चहाचा कप हातातून सुटला. तेव्हा सोलापूर गाठलं.

डॉक्टरांनी दोनच गोष्टी आधी विचारल्या. टेबलाची उंची किती, आणि शुगर कधी तपासली. टेबलाची उंची माहीत नव्हती. शुगर तपासली, ती वाढलेली निघाली!

तीन आठवडे पूर्ण बंद, नंतर दीड महिना अर्धवेळ. तेवढ्यात शेजारच्या गल्लीत दुसरं केंद्र उघडलं. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दाराची सवय लागली की ते परत येत नाही. जुलैत जास्त बसून जेवढे कमावले होते, त्याच्या दुप्पट दिवाळीपर्यंत गेले. हा हिशेब मी वहीत लिहून ठेवलाय.

आता विषय काय आहे तो समजून घ्या, डॉक्टर व्हायची गरज नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, तळव्याच्या सुरुवातीला, एक अरुंद बोगदा असतो. खाली मनगटाची हाडं, वर एक जाड पट्टा. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा म्हणजे दोऱ्या जातात, आणि त्यांच्याच गर्दीत एक मज्जातंतू जातो. आश्विनी पौर्णिमेला तुळजापुरात मंदिराच्या बोळातून जायची वेळ आली तर काय होतं, तसं. गर्दी थोडी सुजली, फुगली, की चेंगरतो तो बिचारा तंतू. त्याच्याकडं अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव असते. म्हणून मुंग्या तिथंच येतात. करंगळीला येत नाहीत. करंगळीलाच मुंग्या येत असतील तर भानगड दुसरीकडं, बहुतेक कोपराजवळ असते. याला कार्पल टनेल म्हणतात.

पण सगळी मनगटदुखी म्हणजे कार्पल टनेल नाही, हे नीट लक्षात घ्या. आपल्या धंद्यात जास्त लोकांना होतं ते साधं, म्हणजे दोऱ्यांना आणि स्नायूंना आलेला ताण. मनगट वर वाकवून धरलं, माऊस लांब ठेवला, जोरजोरात कळा आपटल्या की ते होतं. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर ती वेगळी गोष्ट. तासन्तास मोबाइल एका हातात धरून अंगठ्यानं टाइप करणाऱ्यांना, रील एडिट करणाऱ्यांना ती होते, आणि तान्हं बाळ सारखं उचलणाऱ्या आयांनाही होते.

आणि एक प्रामाणिकपणे सांगतो, कारण नेटवर भीती घालणारे खूप आहेत. नुसत्या कॉम्प्युटरमुळं कार्पल टनेल होतो हे विज्ञानानं ठामपणे सिद्ध केलेलं नाही. डेन्मार्कमध्ये हजारो कॉम्प्युटर वापरणाऱ्यांवर वर्षभर लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, २००३ मध्ये छापून आला. त्यात कीबोर्डाचा फार दोष दिसला नाही. आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस धरणाऱ्यांमध्ये मुंग्यांच्या तक्रारी मात्र जास्त दिसल्या. डायबेटिस, थायरॉइड, वाढलेलं वजन, गरोदरपण, ही कारणं कधीकधी कीबोर्डापेक्षा मोठी असतात. म्हणून माझं उदाहरण देताना मी शुगर लपवत नाही. सगळा दोष टेबलाला दिला असता तर गोष्ट सोपी झाली असती, पण ती अर्धी खोटी झाली असती.

वीस तास माऊस म्हणजे किती, विचार करा. आपल्या केंद्रचालकाचे आठवड्याचे वीस तास बुधवारपर्यंतच संपतात.

आता माझं मत सांगतो, आणि ते कुणाला आवडो न आवडो. आपल्या धंद्यात सगळ्यात महागडं मशीन म्हणजे चालवणाऱ्याचा हात, आणि त्याचाच मेंटेनन्स कुणी करत नाही. प्रिंटरचा रोलर घासला की आपण लगेच मिस्त्री बोलावतो. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसानं असं वागावं याचं मला जास्त नवल वाटतं. आपल्या वडिलांनी बैलाच्या खांद्याला जूचा घट्टा दिसला तर औत सोडलं असतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण करतात, खांद्याला हळद-लोणी चोळतात. वर्षभर ओढलेल्या खांद्याची आठवण ठेवायची ती पद्धत आहे. आणि आपण? मनगट वाजायला लागलं की गोळी खाऊन पुढचा टोकन नंबर घेतो.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. "सर, पोटाला लागलंय, तिथं मनगटाचं काय घेऊन बसलात? हंगाम दीड महिन्याचा. तेव्हा नाही बसायचं तर कधी?"

बरोबर आहे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला तेव्हा एका अर्जामागं केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये ठरले होते. शंभर अर्ज केले की चार हजार. असा दिवस कोण सोडेल? २०२४ च्या जुलैत तर विमा आणि लाडकी बहीण दोन्ही एकदम आले. बायका सकाळी सहाला येऊन शटरसमोर बसलेल्या. २०२५ ला एक रुपयाचा विमा बंद झाला, पण काम कुठं थांबलं? फार्मर आयडी आला, ई-केवायसी आली. म्हणजे 'हंगाम दीड महिन्याचा' ही समजूतच आता खोटी आहे. बारा महिन्यांत चार-पाच हंगाम येतात, आणि हात तोच.

म्हणून हंगामाला माणूस लावा. यावर मी हट्टी आहे. आपल्या जिल्ह्यात आठ एकर सोयाबीन एकटा माणूस काढतो का? नाही. टोळी सांगतो, एकराचा भाव ठरवतो, चार दिवसांत रान मोकळं. त्याला कुणी आळशी म्हणत नाही. मग जुलैत टायपिंगची परीक्षा दिलेली एखादी मुलगी किंवा मुलगा दिवसाच्या पाचशे रुपयांवर बसवायला आपल्याला काय होतं? पुण्याच्या परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा पास झालेली किती मुलं गावात रिकामी बसलेली असतात! तेरा अर्जांच्या कमिशनमध्ये त्या पोराची हजेरी निघते. उरलेले त्यानं केलेले अर्ज तुमचे. कागद तपासायचे तुम्ही, टाइप तो करेल, दोन तासांनी अदलाबदल. विश्वासाचा प्रश्न असतो, लॉगिन कुणाला द्यायचं, हे मी मान्य करतो. तुमचं लॉगिन दुसऱ्याच्या हाती देऊ नका. पण स्कॅनिंग, फोटो कापणं, कागद क्रमानं लावणं, झेरॉक्स, ही निम्मी कामं लॉगिनशिवायची आहेत, आणि माऊसचे निम्मे तास तिथंच जातात.

आता टेबल. आपल्याकडचा सुतार टेबल तीस इंचाचं करतो, कारण लिहायचं टेबल तेवढंच असतं. त्यावर कीबोर्ड ठेवला की मध्यम उंचीच्या माणसाचे खांदे वर चढतात आणि मनगट मागं वाकतं. तुमचं माप असं काढा. नेहमीच्या खुर्चीत पाय जमिनीला टेकवून ताठ बसा, खांदे सैल सोडा, हात कोपरात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत टेपनं मोजा. तेवढ्याच उंचीवर, किंवा बोटभर खाली, कीबोर्ड पाहिजे. सव्वापाच फुटी माणसाचं हे माप साधारण पंचवीस-सव्वीस इंच भरतं. म्हणजे तीस इंची टेबलावर तुम्ही चार इंच उंच टाइप करताय, रोज, दहा तास.

सुताराला सांगून टेबलाखाली सरकती फळी लावून घ्या, कीबोर्ड आणि माऊस दोन्ही मावतील एवढी रुंद. बाजारात फक्त कीबोर्डापुरत्या फळ्या मिळतात, मग माऊस वर टेबलावर राहतो आणि उजवा खांदा दिवसभर टांगलेला. ती घेऊ नका. फळी जमत नसेल तर खुर्ची उंच करा. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन गोधड्यांची घडी घाला, आणि पाय लोंबकळायला लागले तर खाली विटांवर पाट ठेवा. दिसायला गबाळं दिसतं, गिऱ्हाइकाला काउंटरपलीकडून तुमचे पाय दिसत नाहीत.

फुकटातली एक दुरुस्ती आत्ता करा, हे वाचता वाचता. कीबोर्ड उलटा करा. मागं दोन छोटे पाय आहेत ना, ते मिटवून टाका. ते उघडे असले की कीबोर्ड मागून उचलला जातो आणि मनगट आणखी वर वाकतं. सगळ्यांना वाटतं ते आरामासाठी दिलेत.

लॅपटॉपवर धंदा करणाऱ्यांना एकच सांगणं, पाच-सातशे रुपयांचा वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या आणि लॅपटॉप एखाद्या खोक्यावर उंच ठेवा. लॅपटॉपवर मान तरी वाकते नाहीतर हात तरी. मनगटाखाली ठेवायची ती जेलची गादी घेतली असेल तर ती थांबल्यावर हात टेकवायला आहे, टाइप करताना तिच्यावर मनगट दाबून ठेवायचं नाही. नाहीतर बोगद्यावर बाहेरून दाब.

टायपिंगचंही सांगतो. दोन बोटांनी कितीही वेगानं टाइप केलंत तरी दहा बोटांचं काम दोन बोटं करतात. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडं, बहुतेक व्यंजनं उजवीकडं, अशी वाटणी मुळातच केलेली आहे, दोन्ही हातांना आळीपाळीनं काम. पण लोक एक चूक करतात. ख, घ, थ, ध, भ, श, ळ ही अक्षरं शिफ्ट दाबून येतात आणि त्यांच्या कळा उजव्या हाताच्या आहेत. शिफ्ट डावीकडचं दाबायचं. कित्येकजण उजव्याच हातानं शिफ्ट आणि कळ दोन्ही दाबतात, पंजा फाकतो, मनगट करंगळीकडं मुरगळतं. 'धाराशिव' एवढं एक नाव टाइप करताना दोनदा. जिल्ह्याचं नाव प्रत्येक अर्जात असतं! तेही हातानं टाइप करू नका. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, नेहमीची वाक्यं शॉर्टकटला लावून ठेवा. प्रतिज्ञापत्राचा मोठा मजकूर असेल तर मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करा आणि कॉम्प्युटरवर पाठवून नुसत्या चुका काढा. मराठी बोलणं आता मोबाइलला बऱ्यापैकी कळतं. आपलं गावाकडचं 'लई' आणि 'करायलाव' नाही कळत कधीकधी, ते सोडा.

माऊस कीबोर्डाला चिकटून ठेवा. हलकी कामं डाव्या हातानं करायची सवय लावा, आठवडाभर वैताग येतो, मग जमतं. आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धं मिनिट हात मांडीवर सोडा. एका गिऱ्हाइकाचा कागद प्रिंट होईपर्यंतचा वेळ तेवढाच असतो. तो वेळ आपण मोबाइल बघण्यात घालवतो, म्हणजे हाताला परत कामच.

अंगठ्याच्या मशीनचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. शेतात राबलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्याचे ठसे झिजलेले असतात. मशीन घेत नाही. मग आपण काय करतो? आजोबांचा अंगठा धरतो, त्यावर आपला अंगठा ठेवून जोर लावून दाबतो. काउंटर उंच, मशीन पलीकडं, हात लांब करून, मनगट वाकडं. दिवसात पन्नास-साठ वेळा. माझ्या अंगठ्याचं बूड यानंच दुखायचं हे मला फार उशिरा कळलं. मशीन गिऱ्हाइकाच्या बाजूला खालच्या उंचीवर ठेवा, ओलसर फडकं शेजारी ठेवा, बोट पुसून घ्या, एक बोट चाललं नाही तर दुसरं घ्या. जोरानं दाबून ठसा येत नाही, उलट पसरतो.

ताईंसाठी वेगळं सांगायला हवं. घरून टायपिंग, बिलिंग, डेटा एंट्री करणाऱ्या कितीतरी ताई हे चॅनेल बघतात. दिवसभर कीबोर्ड, आणि संध्याकाळी ज्वारीचं पीठ मळायचं, दहा-बारा भाकरी थापायच्या, धुणं पिळायचं. पुरुषाचा हात दुकान बंद झालं की थांबतो, तुमचा थांबत नाही. डॉक्टर 'विश्रांती द्या' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं ऑफिस असतं, परात नसते. घरात तुमच्या पैशानं हप्ता फिटत असेल तर पीठ मळायला दुसरा हात लागलाच पाहिजे. ही गोष्ट घरातल्या पुरुषांनी वाचावी म्हणून इथं लिहिलीये, ताईंना ती आधीच माहीत आहे.

दुखायला लागलंच तर? पहिल्या आठवड्यात काम कमी करा, बंद पडायची वाट बघू नका. सूज-कळ असेल तर फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं. रात्री मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो, तीन-चारशेचा, तो झोपताना बांधायचा, सैलसर. झोपेत आपण मनगट मुडपतो, म्हणून रात्री त्रास जास्त होतो. सुरुवातीच्या त्रासात या एका पट्ट्यानं पुष्कळांना फरक पडतो. पण ज्यानं कळ थांबते तोच पट्टा बांधून दिवसभर टाइप करू नका, माझा गाढवपणा तुम्ही करू नका. रोज वेदनाशामक गोळ्या खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीला महागात जातं, बीपी-शुगरवाल्यांना तर जास्तच. आणि मनगट ओढून, कडकन वाजवून देणाऱ्याकडं जाऊ नका.

दोन-तीन आठवड्यांत फरक नाही, बधिरपणा सतत राहतोय, वस्तू हातातून सुटतायत, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसल्यासारखा दिसतोय, यातलं काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरकडं जायचं. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवा, आणि शुगर-थायरॉइड तपासून घ्या. लोकांना ऑपरेशनची भीती वाटते. बहुतेकांना ते लागतच नाही, आणि लागलं तरी हात बधिर करून होणारं छोटं ऑपरेशन आहे. उशीर केला तर मात्र तंतूचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. माझ्या उजव्या तर्जनीच्या टोकाला अजूनही नीट जाणीव नाही. नोटा मोजताना कळतं.

तो कळंबचा मुलगा परवा फोनवर म्हणाला, सर, बोर्ड बारा हजारांत बसवतो, उरलेल्यात फळी, उंची बदलता येणारी खुर्ची आणि जुलै-ऑगस्टला एका माणसाचा पगार धरलाय. बँकवाले साहेब विचारत होते, ही पगाराची ओळ कशाला. त्यांना काय सांगू?

मी म्हटलं, त्यांना सांग, कर्ज फेडायला हात लागतो. आणि हो, गाळ्यात सुतार यायच्या आधी कोपराचं माप घे, टेबल झाल्यावर नको.

रविवारच्या व्हिडिओत सरकती फळी कशी लावायची ते आपल्या सुताराकडूनच दाखवतो. टेप जवळ ठेवा.